शंभर रेघांचं घड्याळ

माझ्या मनगटावर पुरुषी घड्याळ बघून ज्यांनी ज्यांनी नाक मुरडलं त्यांची यादी करायला बसले तर वही पुरणार नाही. "नवऱ्याचं का?" हा पहिला प्रश्न. नवरा नाही म्हटलं की "मग भावाचं असेल." भाऊही नाही म्हटलं की वडिलांवर यायचे. माझं आहे, मी घेतलंय, मला आवडलं म्हणून घेतलंय, एवढं साधं उत्तर कुणाच्या पचनीच पडायचं नाही. बरं, एकच असतं तर एक वेळ सोडून दिलं असतं लोकांनी. माझ्याकडे सात होती. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, वडिलांच्या जुन्या धोतराच्या फडक्यांत एकेक गुंडाळून ठेवलेली.

गिरण्यांचा संप होऊन गेला होता त्यानंतरची ही वर्षं. वडील परळच्या एका गिरणीत साचे चालवायचे. साचा म्हणजे कापड विणायचा माग. गिरणी बंद पडली ती पडलीच. मग ते मरोळला एका इमारतीवर दिवसपाळीला वॉचमन म्हणून लागले आणि आम्ही तिघं, आई, वडील आणि मी, तिथंच जवळ एका खोलीत राहायला आलो. मी साकीनाक्याला विजेची बटणं बनवणाऱ्या एका युनिटमध्ये कामाला होते. युनिट म्हणजे काय, पत्र्याची एक लांब शेड, दोन टेबलं आणि आम्ही बारा बायका.

तर घड्याळं. वेळ दाखवणारं घड्याळ सगळ्यांकडेच असतं. माझी घड्याळं वेळ मोजायचीसुद्धा. बाजूला चावीच्या वर एक आणि खाली एक अशी दोन बटणं. वरचं दाबलं की मधला लांब काटा धावायला लागतो, पुन्हा दाबलं की जिथल्या तिथं थांबतो. खालचं दाबलं की टुणकन शून्यावर. ह्यांना क्रोनोग्राफ म्हणतात. आमच्या आळीत मात्र त्यांना 'हिची बटणवाली' म्हणायचे, आणि ते म्हणताना एकमेकांकडे बघून हसायचे. हसा मेल्यांनो, म्हणायचे मी मनात. कधी कधी तोंडावरही म्हणायचे.

तेव्हा जो तो बॅटरीच्या घड्याळामागे वेडा झाला होता. आकडे चमकतात, गजर वाजतो, काय काय. चावीची घड्याळं लोक अक्षरशः टाकून देत होते. अंधेरी स्टेशनबाहेर एक चाचा काचेची छोटी पेटी पुढ्यात घेऊन घड्याळं दुरुस्त करायला बसायचे. त्यांच्या पेटीच्या खालच्या खणात असली नको झालेली घड्याळं पडलेली असायची. आईच्या घड्याळाचा पट्टा बदलायला म्हणून गेले होते, आणि त्या खणातलं एक बटणवालं हातात घेतलं. दाबलं. काटा धावला. संपलं! मी तिथंच अडकले.

चाचांना पहिल्यांदा वाटलं मी थट्टा करतेय. "बेटी, ह्याच्यात इतक्या तरफा असतात की हात घातला म्हणजे वाट लागली समज. कोणी कारागीर घेत नाही. तू काय करणार घेऊन?" मी म्हटलं, बघणार. "आणि?" आणि काय? पुन्हा बघणार. मग त्यांनी मला खरंच बघायला शिकवलं. तबकडी पुन्हा रंगवलेली आहे का, काटे मूळचे आहेत का, बटण दाबताना बोटाला टकटक नीट लागते का. दर दिवाळीला बोनस हातात आला की आई साडीचं नाव काढायची आणि मी अंधेरी स्टेशनचा रस्ता धरायचे.

मला सगळ्यात आवडायच्या त्या तबकड्यांच्या कडेच्या रेघा. एक घड्याळ डॉक्टरचं होतं. नाडीचे पंधरा ठोके मोजून काटा थांबवायचा, की मिनिटाला किती ठोके ते कडेवर आयतंच वाचता यायचं. एकावर गाडीचा वेग कळायचा. घड्याळ कुठल्या कामाच्या माणसाच्या हातात होतं ते त्या रेघा सांगायच्या. फक्त सातव्या घड्याळाचं कोडं मला सुटत नव्हतं. त्याच्या आतल्या वर्तुळावर नेहमीच्या साठ रेघा होत्या, आणि बाहेरच्या वर्तुळावर शंभर. चाचांनाही माहीत नव्हतं. कुठल्याशा गिरणीच्या भंगारातून आलंय, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

ते घड्याळ घरी आणलं तेव्हा वडील जेवत होते. त्यांनी ते बघितलं आणि घास हातातच राहिला.

"ह्यां तुका खंय गावलां?"

कुठून आणलं ते मी सांगितलं. ते म्हणाले, "माझ्यासमोर काढू नको ह्यां." आणि पुन्हा ताटात मान घातली. माझ्या बाकीच्या सहा घड्याळांना त्यांनी कधी चांगलंही म्हटलं नव्हतं आणि वाईटही. ह्या एकाचा मात्र त्यांना राग होता. का, ते विचारायची सोय नव्हती. मी ते डब्याच्या तळाशी ठेवलं.

आता कामावरचं सांगते. आमच्या टेबलावर माझ्या शेजारी मावशी बसायच्या. नात्यानं कुणाच्या नव्हत्या, पण वयानं सगळ्यांत मोठ्या म्हणून सगळ्यांच्या मावशी. जालन्याकडच्या, राहायला कुर्ल्याला. घरात मिळवत्या एकट्या त्याच, आणि मुलगी नर्सिंग शिकत होती. एका बटणात दोन पितळी पट्ट्या, एक स्प्रिंग, तीन स्क्रू आणि वर झाकण बसवायचं. तासाला सत्तर नगांचा कोटा होता. मावशींची बोटं सांध्यांत सुजायची, ती स्प्रिंग त्यांना पकडता यायची नाही. त्यांचे पन्नास-पंचावन्नच्या वर जात नसत.

मग सत्तर कसे व्हायचे? तर आमची एक पद्धत होती. ती कुणी ठरवली नव्हती, मी लागायच्या आधीपासून चालत आलेली. जिचा हात जलद ती आपले तयार नग जाता-येता मावशींच्या ट्रेमध्ये सोडायची. एकीनं दोन, दुसरीनं तीन. त्याबद्दल कुणी बोलायचं नाही, मावशीही नाही. त्या फक्त आमच्या सगळ्यांचं सामान सकाळी लवकर येऊन लावून ठेवायच्या. पट्ट्या एका वाटीत, स्क्रू एका वाटीत. त्यामुळे आमची दहा मिनिटं वाचायची. माझ्या मते हा व्यवहार चोख होता, आणि शेठनं नाक खुपसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

शेठनं एक नवीन साहेब आणला. तिशीतला, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात दोरीला लटकवलेलं स्टॉपवॉच. काम किती वेळात होतं ते मोजणार आणि कोटा पक्का करणार म्हणे. सगळ्यांत आधी तो माझ्याच मागं येऊन उभा राहिला. माझा हात सगळ्यांत जलद होता आणि ते शेठनं त्याला सांगितलं असणार. मानेवर त्याचा श्वास लागत होता. मला असा संताप आला! माणूस काम करतंय, आणि एक जण मागं उभा राहून टिकटिक करतोय. मीही माझ्या मनगटावरचं बटण दाबलं. म्हटलं, तू मोज, मीही मोजते. एका नगाला पन्नास सेकंद लागले. पुन्हा मोजले, पुन्हा पन्नास.

सोमवारी भिंतीवर कागद लागला. 'प्रति नग ०.५० मिनिट. ताशी १२० नग.' खाली बारीक अक्षरांत, तीन आठवड्यांत जी कोटा पुरा करणार नाही तिला कामावरून कमी करण्यात येईल.

एकशेवीस! आम्ही त्या आठवड्यात पाणी प्यायलासुद्धा उठलो नाही. माझे सत्त्याहत्तर झाले, आणि ते होता होता बोटाला स्क्रू लागून रक्त आलं. बाकीच्या सत्तर-पंच्याहत्तरच्या मध्ये. आणि मावशींच्या ट्रेमध्ये टाकायला कुणाकडे एकही नग नव्हता. संध्याकाळी त्यांच्या नावापुढे त्रेपन्न लागायचा, सगळ्यांच्या देखत.  शनिवारी त्या फक्त मला म्हणाल्या, "तुम्ही मागंपुढं कराल काहीतरी गं. माझं मातर भरलं आता." मुलीचं एक वर्ष राहिलं होतं. ते एक वर्ष निघावं एवढंच त्यांना हवं होतं.

रविवारी दुपारी मी घरात आदळआपट करत होते. "अर्धा मिनिट म्हणे! चक्क खोटं! मला पन्नास सेकंद लागले, मी स्वतःच्या घड्याळात बघितलंय. पन्नास सेकंदांचा अर्धा मिनिट कुठल्या शाळेत शिकवतात?"

वडील पेपर वाचत होते. त्यांनी तो खाली ठेवला आणि म्हणाले, "तां शंभरवालां काढ."

मला आधी कळलंच नाही. मग मी डब्याच्या तळातून ते घड्याळ काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते असं धरलं, जणू हात लावायचीच शिसारी यावी. गिरणीत त्यांच्या साच्यामागं जो माणूस येऊन उभा राहायचा त्याच्या हातात असंच घड्याळ असायचं. माणसाच्या कामाचा हिशेब ते लोक मिनिटाचे शंभर भाग करून लिहितात, म्हणून त्यांच्या घड्याळाला शंभर रेघा. "तेचो मिनिट शंभराचो," वडील म्हणाले. मग बाहेरच्या वर्तुळावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "तुझ्या सायबाच्या घड्याळाक रेघो किती?"

साठ! त्याच्या घड्याळाला साधे साठ सेकंद होते, शाळेच्या मैदानावर शर्यतीला वापरतात तसलं. आणि कागद शंभराचा, ०.५० म्हणजे शंभरातले पन्नास. त्यानं काट्यावर पन्नास वाचलं आणि जसंच्या तसं शंभराच्या रकान्यात मांडलं. पन्नास सेकंदांचा झाला अर्धा मिनिट, आणि बहात्तरचे झाले एकशेवीस. त्यात लबाडी नव्हती, निव्वळ बावळटपणा होता. आणि त्या बावळटपणापायी आमची मावशी घरी बसणार होती.

आई म्हणाली, "उगाच तोंड वाजवू नकोस, तुझीच नोकरी जाईल."  वडिलांनी ते घड्याळ शर्टाच्या टोकानं पुसलं, स्वतः चावी दिली आणि माझ्या हातात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ते घालूनच गेले. शेठ शेडमध्ये आल्याबरोबर मी टेबलावरून उठले. बाकीच्या अकरा जणींची कामं तिथल्या तिथं थांबली.

"शेठ, भिंतीवरचा आकडा चुकलाय."

"काय कटकट आहे सकाळी सकाळी?"

"कटकट नाही. दोन मिनिटं द्या." मी घड्याळ काढून त्याच्यासमोर धरलं आणि बटण दाबलं. आतल्या वर्तुळावर काटा पन्नासवर आला तेव्हा थांबवला. "आत बघा, पन्नास. आता तोच काटा बाहेर किती दाखवतोय?"

शेठनं चष्मा वर केला. "त्र्याऐंशी."

"तुमचा कागद बाहेरचा आकडा मागतो. साहेबांनी आतला लिहिलाय. एका नगाला त्र्याऐंशी शतांश मिनिट, म्हणजे तासाला बहात्तर. एकशेवीस माणसानं करायचे झाले तर त्याला आणखी एक हात लागेल."

कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेब लालबुंद झाला. त्यानं आपला कागद बघितला, आपलं स्टॉपवॉच बघितलं आणि मग त्याचं तोंड एकदम उतरलं. शेठनं त्याला आमच्यासमोरच असा झापला की मलाच वाईट वाटलं. मी म्हटलं, "शेठ, कागद छापलाय दुसऱ्या घड्याळासाठी. कुणाचीही चूक झाली असती." हे काही मी त्याच्यावर उपकार म्हणून बोलले नाही. ते खरं होतं, आणि तेव्हा मी खऱ्यासाठी भांडत होते.

पण शेठला बायकांसमोर खाली बघावं लागलं होतं, ते त्याला झोंबलं. "ठीक. बहात्तर. मग बहात्तर म्हणजे प्रत्येकीचे बहात्तर. कोण कुणाच्या ट्रेमध्ये काय टाकतं ते मला दिसत नाही वाटतं?" तो माझ्याकडे वळला. "आमच्या घड्याळावर भरोसा नाही ना तुझा? मग तुझ्या घड्याळात मोज. आत्ता. एकेकीचा एक नग. पन्नासवर पाच सेकंदांची सूट देतो, पंचावन्नच्या वर जाईल तिला शनिवारपासून सुट्टी."

माझी नजर मावशींकडे गेली. पण आता मागं कशी फिरणार? मीच तर घड्याळ काढलं होतं.

शेठ टेबलाच्या टोकाला खुर्ची घेऊन बसला. साहेब माझ्या बाजूला वही आणि स्टॉपवॉच घेऊन उभा. मी मोजायचं, मोठ्यानं सांगायचं, त्यानं लिहायचं. पहिली सत्तेचाळीस. दुसरी बावन्न. तिसरीचा स्क्रू हातातून पडला, तरी चोपन्नवर सुटली. माझ्या हातातल्या काट्याकडे त्या ज्या नजरेनं बघत होत्या ना, ती नजर मला अजून आठवते. ज्या वस्तूवर मी जीव टाकला होता तिला बघून माझ्याच मैत्रिणींच्या हातातून स्क्रू सुटत होते. वडिलांना ते घड्याळ डोळ्यांसमोर का नको होतं ते मला त्या टेबलापाशी कळलं.

मावशी शेवटी. त्यांनी पदर कमरेला खोचला, बोटं चोळली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हं." मी बटण दाबलं.

पहिली पट्टी बसली. दुसरी बसली. स्प्रिंग एकदा निसटली. पुन्हा निसटली. काटा चाळीसवर गेला, पन्नासवर गेला, पंचावन्न ओलांडलं. त्या तेव्हा शेवटच्या स्क्रूवर होत्या. काटा साठवर येऊन नव्यानं फिरायला लागला आणि तबकडीतला मिनिटांचा बारका काटा एका घरानं सरकला. झाकण बसलं तेव्हा मी थांबवलं. अडुसष्ट.

घड्याळ बरोबरच होतं. चाचांनी देतानाच तेल देऊन, नीट लावून दिलं होतं. अडुसष्ट म्हणजे अडुसष्ट. अर्ध्या तासापूर्वी ह्याच घड्याळाच्या जोरावर मी शेठला खाली बघायला लावलं होतं.

"त्रेपन्न," मी म्हटलं.

मोठ्यानं म्हटलं, शेडच्या दारापर्यंत जाईल असं. पन्नास म्हटलं असतं तर शेठला वास आला असता. आणि खालचं बटण लगेच दाबून काटा शून्यावर आणला.

साहेबाचं पेन उचललेलंच राहिलं. त्याच्याही हातात घड्याळ होतं, आणि त्यानंही माझ्याबरोबरच दाबलं होतं, हे मला तेव्हा दिसलं. त्यानं आपल्या तबकडीकडे बघितलं. मग मावशींच्या बोटांकडे. मग माझ्याकडे. मी नजर हटवली नाही. सांग, मनात म्हटलं, सांगायचं तर सांग, मी नाकारणार नाही, पण माझ्या तोंडातून दुसरा आकडा निघणार नाही. शेठ म्हणाला, "काय झालं? लिही." साहेबानं स्टॉपवॉचचं बटण दाबून काटा परत नेला आणि वहीत लिहिलं, त्रेपन्न.

आज जुनी घड्याळं जमवणारे भेटतात, तेव्हा सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या गोष्टी करतात. माझं घड्याळ अचूक, तुझं नाही. शंभर रेघांच्या घड्याळाला तर चांगली मागणी आहे, फार दुर्मीळ म्हणे. त्यांना ही हकीकत सांगितली की काही जणांचं तोंड वाकडं होतं. खोटं बोललात तुम्ही, एवढ्या चांगल्या यंत्राच्या साक्षीनं. बोलले! पंधरा सेकंदांचं खोटं बोलले. पुन्हा वेळ आली तर वीस सेकंदांचं बोलेन. त्याचं मला काडीइतकं वाईट वाटलेलं नाही.

त्या संध्याकाळी सुटल्यावर मावशी आणि मी नळावर हात धूत होतो. बाकीच्या पुढं गेल्या होत्या. मावशींनी नळ बंद केला आणि ओल्या हातांनीच माझं मनगट धरलं, घड्याळासकट.

"खरे किती झाले गं?"

"त्रेपन्न."

"बोटं माझी हायेत. मला ठावं नाही व्हय?"

"मावशी, घड्याळ माझं आहे," मी म्हटलं. "मी म्हणेन तेवढेच झाले."